साठ तासांचे शरीर : नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरची तयारी कधी आणि कशी करावी

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात एखाद्या घरी मुलीने ‘मला नर्सिंग करायचंय’ म्हटले की चर्चा सुरू होते ती कॉलेजची. शिरूरवरून पुणे-नगर रस्त्याला लागून जावे लागेल असे बरे, की चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याने जाण्यासारखे? हॉस्टेल आहे का? सरकारी मिळेल का? फी किती? हे सगळे विचारायलाच हवे. पण प्रवेश मिळाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय वाढून ठेवले आहे, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. आणि अनेक मुलामुलींची दमछाक होते ती तिथेच, अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी या दोन विषयांत.

अॅनाटॉमी म्हणजे शरीररचना : कोणता अवयव कुठे आहे, कशाचा बनला आहे, त्याच्या शेजारी काय आहे. फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रिया : तो अवयव काम कसे करतो आणि कुणाच्या हुकमाने करतो. पुढच्या चार वर्षांतला प्रत्येक विषय या दोहोंवर उभा असतो. म्हणून या प्रकरणात कॉलेज बाजूला ठेवून या दोन विषयांचेच नियोजन करू.

तासांचा हिशेब

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला आणि वार्षिक पद्धतीऐवजी सेमिस्टर पद्धत आणली. चार वर्षे, आठ सेमिस्टर. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. पहिल्या सेमिस्टरमध्ये अॅनाटॉमीला ६० आणि फिजिऑलॉजीला ६० तास आहेत. सेमिस्टर २० आठवड्यांचे, म्हणजे प्रत्येक विषयाला आठवड्याचे अवघे तीन तास. तेवढ्यात २०६ हाडे, सहाशेहून अधिक स्नायू, मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, ग्रंथी आणि प्रजनन संस्था हे सारे उरकायचे असते.

याच २० आठवड्यांत सोशिऑलॉजी आणि सायकॉलॉजी प्रत्येकी ६० तास, इंग्रजी ४० तास, नर्सिंग फाउंडेशनची १२० तासांची थिअरी, ८० तासांची लॅब आणि वॉर्डातले १६० तास असतात. पलंगावरची चादर कशी घालायची, ताप कसा मोजायचा, रुग्णाला कूस कशी बदलून द्यायची हे त्या वॉर्डात शिकवले जाते. म्हणजे शरीर समजून घेणे आणि शरीराला हात लावणे एकाच महिन्यात सुरू होते. आधी पाया आणि मग भिंत असा क्रम इथे मिळत नाही.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिकडच्या बहुतेक नर्सिंग कॉलेजांत प्रवेशाचा अर्ज करण्याआधीच अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन कोर्स, बहुधा प्रयोगशाळेसकट, आणि सूक्ष्मजीवशास्त्र पूर्ण करावे लागते. यांना तिकडे ‘प्रीरिक्विझिट’ म्हणतात. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरातली मुलगी हे विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एकेक सेमिस्टर घेऊन करते. पहिल्या कोर्सात चांगली श्रेणी मिळाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि अनेक कॉलेजे पाच-सात वर्षांपूर्वीचे गुण धरत नाहीत. तिकडचे विद्यार्थी या दोन विषयांना साधारण वर्षभर देतात. आपल्याकडे तोच ऐवज सहा महिन्यांत, इतर विषयांच्या गर्दीत येतो. तेव्हा ते वर्ष आपल्याला दुसरीकडून काढावे लागते, आणि ते अकरावी-बारावीत दडलेले आहे.

अकरावीच्या पुस्तकात काय आहे

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी असावे लागते. खुल्या प्रवर्गाला एकत्रित ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवे. अकरावीत बायॉलॉजी सोडून गणिताचा गट घेतला की हा दरवाजा बंद होतो. ही गोष्ट दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यातच ध्यानात घ्यायला हवी.

कौन्सिलने प्रवेश परीक्षेची जी चौकट दिली आहे तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल या पाच भागांना प्रत्येकी २० गुण आहेत. बायॉलॉजी पाचातला एक भाग. म्हणून सीईटीच्या नादात अनेक जण बायॉलॉजी ‘वीस मार्कांपुरती’ करतात. पुढच्या सेमिस्टरचे कर्ज तिथेच चढते.

राज्य मंडळाचे २०१९ मध्ये बदललेले अकरावीचे आणि २०२० चे बारावीचे बायॉलॉजीचे पुस्तक नर्सिंगच्या नजरेने चाळून पाहा. अकरावीत प्राणी-ऊती, मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल हे चार धडे थेट पहिल्या सेमिस्टरचे आहेत. बारावीत प्रजनन, श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, मानवी आरोग्य आणि रोग हे चार. एकूण आठ धडे. बाकीचे धडे परीक्षेसाठी करावेच लागतात. झुरळाची पचनसंस्था आणि वनस्पतींची वाढही पाठ करावी लागते. पण या आठ धड्यांची वही वेगळी ठेवा आणि परीक्षा संपली म्हणून ती रद्दीत घालू नका. आपल्याकडची प्रीरिक्विझिट ती हीच.

जीएनएमची वाट थोडी निराळी आहे. तीन वर्षांच्या या पदविकेला कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही जाऊ शकतात. बारावीत आणि इंग्रजीत ४० टक्के गुण लागतात. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी मिळून ९० तास आणि सूक्ष्मजीवशास्त्र ३० तास. ज्यांनी दहावीनंतर शरीरशास्त्राचा धडा उघडलेला नाही, त्यांनी वरचे आठ धडे मिळवून प्रवेशाआधी वाचलेच पाहिजेत. शाळेतली जुनी पुस्तके किंवा बालभारतीच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफ प्रती यासाठी पुरतात.

गडचिरोलीचा मणी

शरीरशास्त्र कमी वेळात आणि तरी पक्के कसे शिकवायचे, याचा एक उत्तम धडा महाराष्ट्रातच घडला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्यातल्या अनेकींना फारसे मोजता येत नव्हते. मग एक साधे उपकरण तयार झाले : एका बाजूला एक मिनिटाची वाळूची घटिका, दुसऱ्या बाजूला तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा.

या मण्यामागे फिजिऑलॉजीचा आख्खा धडा आहे. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत द्रव साठला की ते कडक होते, प्रत्येक श्वासाला हवा कमी शिरते, आणि तेवढाच प्राणवायू मिळवायला बाळ श्वासांची संख्या वाढवते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाले की धोका. पुढे याच संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायकांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले : नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. आज गावागावातली आशाताई जन्मानंतर घरी जाऊन बाळ तपासते ती पद्धत याच कामातून देशभर गेली.

त्या बायकांना ‘श्वसनसंस्था, प्रकरण चौथे’ असे काही शिकवले गेले नव्हते. त्यांना एक काम दिले गेले आणि त्या कामाला लागेल तेवढे शरीर नीट दाखवले गेले. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला यापेक्षा पुष्कळ जास्त शिकायचे असते, पण क्रम हाच ठेवला तर साठ तास पुरतात. धड्याच्या नावाऐवजी हाताने करायचे काम आधी धरा आणि त्याच्यामागचा अवयव शोधा. माझ्या मते सगळ्या नियोजनाचे सार हे एवढेच आहे.

काम धरून अवयव

इंजेक्शनचे पाहा. दंडात सुई द्यायची तर आधी खांद्याचे हाडाचे टोक बोटांनी चाचपायचे, त्याच्या दोन-तीन बोटे खाली डेल्टॉइड स्नायूचा जाड भाग सापडतो. फार वर गेलात तर सांधा, फार खाली आणि मागे गेलात तर हाताच्या नसांचा धोका. तान्ह्या बाळाला पेंटाव्हॅलेंट लस डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध देतात; कारण तिथला स्नायू त्या वयातही भरलेला असतो आणि जवळ मोठी नस किंवा रक्तवाहिनी नसते. कुल्ल्यात मात्र पायाकडे जाणारी सायटिक नस असते, आणि बाळाच्या कुल्ल्यातला स्नायू पुरेसा वाढलेला नसतो. एवढे समजले की हाड, स्नायू आणि नस हे तीन धडे एका जागी येतात. पाठ केलेला डेल्टॉइड पेपरात दोन मार्क देतो. चाचपून शोधलेला डेल्टॉइड आयुष्यभर पुरतो.

दुसरे काम आपल्या भागातले. न्हावऱ्याच्या परिसरात ऊस आहे, आणि जिथे ऊस आहे तिथे उंदीर आणि सापही असतात. सर्पदंशाचा रुग्ण आला की एक तपासणी पलंगाशीच करतात. शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त काढून नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त गोठले असेल तर ठीक. अजून पाण्यासारखे वाहत असेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपवले आहेत, असे धरून पुढचे उपचार ठरतात.

नळी काचेचीच का? कारण काचेचा पृष्ठभाग लागला की रक्तातला एक घटक जागा होतो, तो दुसऱ्याला जागे करतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत हे नीट होत नाही, आणि साबणाने धुतलेली नळी उत्तर चुकवू शकते. पुस्तकात ही साखळी रोमन आकड्यांच्या आकृतीत येते आणि बहुतेक जण ती घोकतात. नळीचे कारण कळले की ती लक्षात राहते.

नाग आणि मण्यारचे विष वेगळ्या जागी काम करते. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो त्या सांध्यावर ते घाला घालते. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी छातीचे आणि पोटाचे श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून अशा रुग्णाच्या पापण्या आणि श्वासांची संख्या नर्सने पुन्हा पुन्हा पाहायची असते. प्रतिविष देणे डॉक्टर ठरवतात, पण बिघाड आधी दिसतो तो पलंगाशी उभ्या असलेल्या माणसाला.

तिसरे काम थोडे मोजमापाचे. जुलाब झालेल्या ऊसतोड मजुराचा बीपी ठीक आला म्हणून निर्धास्त होऊ नये. शरीरातले पाणी कमी झाले की छोट्या रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदू-हृदयाचा पुरवठा टिकवण्यासाठी त्वचेचा आणि आतड्याचा पुरवठा आधी तोडतात. कालव्याचे आवर्तन कमी पडले की शेवटच्या चारीला आधी पाणी बंद होते, तसे. हात गार पडणे, नाडी वेगवान होणे, लघवी कमी होणे ही चिन्हे बीपी घसरण्याच्या आधी येतात. इथेच ओआरएसचेही कारण कळते. लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. लहान आतड्याच्या पेशीवर एक वाहक असतो, तो ग्लुकोज आणि सोडियम बरोबरच आत घेतो आणि त्यांच्यामागून पाणी जाते. नुसत्या मिठाच्या पाण्याने हे काम तेवढे होत नाही.

बारा आठवड्यांचा आराखडा

बारावीची परीक्षा मार्चच्या आसपास संपते आणि कौन्सिलच्या वेळापत्रकात पहिले सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू होते. मध्ये सीईटी आणि प्रवेशफेऱ्या. सीईटी होईपर्यंत आराखडा बाजूला ठेवा. त्यानंतर मिळतील त्या आठवड्यांत हे बसवा. बारा आठवडे मिळाले तर प्रत्येक विषयाला दोन आठवडे, रोज दीड तास पुरेसा आहे.

पहिले दोन आठवडे हाडे, सांधे, स्नायू : काम धरा इंजेक्शनच्या जागा आणि रुग्णाला उचलणे. दुसरे दोन रक्त, हृदय, रक्तवाहिन्या : नाडी, बीपी, सलाईनसाठी शीर शोधणे. तिसरे दोन श्वसन : श्वास मोजणे, ऑक्सिजन लावणे. चौथे दोन मूत्रपिंड आणि पाणी-क्षार : दिवसभरात किती पाणी गेले आणि किती लघवी झाली याची नोंद. पाचवे दोन पचन, यकृत, ग्रंथी : नाकातून पोटात घालायची नळी, शुगर तपासणी. शेवटचे दोन मेंदू, मज्जातंतू आणि प्रजनन : बाहुल्या पाहणे, शुद्ध तपासणे, गरोदर बाईची तपासणी. आठवडे कमी मिळाले तर शेवटचे विषय मागे टाका, पहिले चार सोडू नका. वॉर्डात पहिल्याच महिन्यात त्यांची गरज पडते.

रोजच्या दीड तासात तीन गोष्टी करा. वाचा, पुस्तक मिटून आकृती काढा, आणि जे काढले ते मोठ्याने कुणाला तरी समजावून सांगा. आईला मराठीत सांगता आले तर विषय समजला असे धरा. मग तेच इंग्रजीत लिहा, कारण बी.एस्सी.चा पेपर इंग्रजीतच लिहायचा असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण शरीर नसते, नावे असतात. रोज दहा नावे वहीत उतरवली, त्यांचा उच्चार केला आणि स्पेलिंग न पाहता लिहिले तर ऑगस्टपर्यंत अडखळणे बरेच कमी होते.

घरातली माणसे हीच तुमची लॅब. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी मोजा. अंगठ्याने नको, त्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण मिनिट मोजा. मोठ्या माणसाची बसलेली नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०. श्वास मोजतोय हे समोरच्याला कळू देऊ नका. कळले की माणूस श्वास बदलतो. आजोबांची, शेतातून आलेल्या वडिलांची आणि झोपलेल्या भावाची नाडी एका वहीत लिहिली की हृदयाचा धडा पुस्तकाबाहेर येतो.

न्हावऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. प्रवेशाआधी तिथे काही करायला मिळेल अशी अपेक्षा धरू नये आणि करूही नये. रुग्णाला हात लावण्याचा अधिकार तुम्हाला अजून नाही. पण ओळखीच्या सिस्टरला किंवा आशाताईला ‘तुमच्या रोजच्या कामात शरीराचं कोणतं ज्ञान सगळ्यात जास्त लागतं?’ एवढे विचारता येते. फोटो काढू नका, कुणाच्या आजाराची गोष्ट गावात नेऊ नका. हा शिस्तीचा पहिला धडा नर्सिंग फाउंडेशनच्या पुस्तकातही आहे.

पुस्तक एकच घ्या. जॅनेट रॉस आणि कॅथलीन विल्सन या दोघींनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले, १९६३ मध्ये पहिल्यांदा छापलेले ‘रॉस अँड विल्सन’ आजही कॉलेजांत वापरले जाते. चुलत भावाने एमबीबीएसला वापरलेले जाडजूड खंड भारदस्त दिसतात, पण साठ तासांत त्यांचा उपयोग होत नाही.

पेपर, गुण आणि बॅक

परीक्षेत अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मिळून एकच पेपर असतो : ७५ गुणांचा, पहिला भाग अॅनाटॉमीचा ३७ गुणांचा, दुसरा फिजिऑलॉजीचा ३८ गुणांचा. अंतर्गत मूल्यमापन २५. पास व्हायला ५० टक्के लागतात, शाळेसारखे ३५ चालत नाहीत. अनेक जण आधी अॅनाटॉमी संपवू आणि मग फिजिऑलॉजी धरू म्हणतात, आणि दुसरा भाग तसाच राहतो. हृदयाचे कप्पे वाचले त्याच आठवड्यात हृदयाचा ठोका वाचा.

पेपर राहिला तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येते, पण पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसण्याआधी मागचे सगळे सुटलेले असावे लागतात. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये बायोकेमिस्ट्री आणि आहारशास्त्र येतात, त्यानंतर औषधे आणि रोगशास्त्र. पहिल्या सेमिस्टरचे अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी मागे घेऊन हे सगळे करणे म्हणजे दुप्पट ओझे. हजेरी थिअरीत ८० टक्के लागते, आणि प्रत्यक्ष कामाचे तास पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. बुडवलेला वॉर्ड नंतर भरावाच लागतो.

पहिल्या दिवसापासून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि तासांची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. पुढे परदेशात नोंदणीचा अर्ज करायचा झाला तर अॅनाटॉमी किती तास, फिजिऑलॉजी किती तास, वॉर्डात किती, असा विषयवार तपशील कॉलेजकडून मागवला जातो. आणि अकरावी-बारावीची ती आठ धड्यांची वही याच फाइलमध्ये घाला. पहिल्या सेमिस्टरच्या इंटर्नलला ती कामी येईलच, शिवाय पुढच्या वर्षी गावातली दुसरी मुलगी ‘मलाही नर्सिंग करायचंय’ म्हणाली, तर तिच्या हाती देता येईल.